पायडलची चक्की

शिमगा सरला आणि गुणाजी एक मोडकी सायकल खांद्यावर टाकून घरी आला. तिला चाकं नव्हती, हँडल नव्हतं, सीट फाटून आतला काथ्या लोंबत होता. सायकल त्याने पत्र्याला टेकवली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत राहिला.

शेवंती आत पाट्यावर होती. खोबरं-मिरचीचं वाटप अर्ध्यावर आलं होतं. वरवंटा न थांबवता तिने विचारलं, "ही कित्याक हाडलात?"

"काम आसा."

"कसला काम?"

"कळतला मगे."

तेवढंही तो बऱ्याच दिवसांनी बोलला होता. गिरणी बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं. संपात पहिले काही महिने गुणाजी सभांना जायचा, मोर्चात जायचा, घरी येऊन घसा बसेपर्यंत बोलायचा. पुढे संप मिटला की नाही तेच कुणाला धड कळलं नाही. गिरणीचं गेट मात्र उघडलं नाही. लूमखात्यातला फिटर माणूस, हाताला सतत तेल लागलेला, तो उंबऱ्यात बसायला लागला. सकाळी बसायचा तो जेवायलाच उठायचा. समोर मिठागरं होती. त्यांच्यावरून येणारा खारट वारा तोंडावर घेत तो नुसता बसायचा. हात मांडीवर पडलेले असायचे, उलटे, रिकामे.

नाहूरच्या फाटकापलीकडची ती पत्र्याची चाळ. विजेचे खांब चाळीपर्यंत आले होते, मीटर आले नव्हते. घर चाललं होतं शेवंतीच्या खाणावळीवर. आसपासच्या कारखान्यांत लागलेली गावाकडची दहा-बारा माणसं तिच्याकडे दोन वेळ जेवायची. दोन वेळचं वाटप, तेही पाट्यावर. खोबऱ्याच्या वाटीमागून वाटी. तिचा उजवा खांदा आता असा धरायचा की अंबाडा घालायला हात वर जायचा नाही.

माघात एकदा गुणाजीने ते पाहिलं होतं. ती केसांशी झगडत होती. तो उठला, वाटीत खोबरेल घेऊन आला आणि काही न बोलता तिचा खांदा चोळत बसला. बोटं राठ होती, पण नेमकी दुखऱ्या जागेवर जात होती. ते शेवंतीच्या मनात राहिलं होतं. म्हणून सायकल आली तेव्हा तिने जास्त विचारलं नाही.

पुढच्या दिवसांत गुणाजी उंबऱ्यात बसला नाही. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याची मोडकी कपाटं त्याने दुरुस्त करून दिली आणि बदल्यात एक लोखंडी चक्की आणली. वर तोंड, बाजूला मूठ, मूठ धरून फिरवली की आतली पाती दळणार, अशी. चाळीच्या टोकाला, बंद पडलेल्या शौचकुपाच्या भिंतीआड त्याने आपलं खातं मांडलं. दिवसभर तिकडून कानशीचा आवाज यायचा. चक्कीची मूठ काढून तिथे त्याने सायकलचं दातेरी चक्र बसवलं. सायकल दोन जाड लाकडांवर नटबोल्टने आवळली. पायडल मारलं की साखळी ओढणार आणि चक्की फिरणार. जेवायला यायचा तेव्हा त्याच्या हाताला ग्रीसचा वास असायचा. शेवंतीला तो वास ओळखीचा होता. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा वास म्हणजे तोच होता, मधलं वर्षच काय ते गेलं होतं.

नळावर कुंदाने तिला गाठलं. कुंदा साताऱ्याकडची, शेजारच्या खोलीतली, चाळीतलं सगळं आधी तिला कळायचं.

"काय गं, भावजींचं काय चाललंय? सर्कस काढतायत का?"

"वाटायचं मशीन करतायत," शेवंती म्हणाली. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "माझा खांदा धरतो ना."

"म्हणजे तुझ्यासाठी?"

शेवंतीने हंडा कमरेवर घेतला. "मग कोणासाठी?"

"नशीब काढलंस बाई. आमच्यात स्टोव्हला पिन मारायची म्हटली तरी मलाच मारावी लागते."

संध्याकाळपर्यंत ते सगळ्या चाळीत झालं. शेवंतीला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तिने पाट्याशेजारची जागा मोकळी केली. पिंप सरकवलं, तांदळाचा डबा वर ठेवला. सायकलची लांबी तिने हातांनी मोजून पाहिली होती.

गुणाजीने चक्कीला हिरवा रंग मारला. रंग वाळला त्या दिवशी दुपारी त्याने खाणावळीतल्या बाळाला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती उचलली. बाळा रात्रपाळीचा माणूस, दुपारी मोकळा असायचा. शेवंती दारात उभी राहिली. पदराला हात पुसत तिने आतली चटईसुद्धा उचलून ठेवली.

दोघं तिच्या दारावरून पुढे गेले.

"ओ," ती म्हणाली. "हयसर."

"वाट सोड गो," गुणाजी धापा टाकत म्हणाला, "जड आसा."

चाळीच्या दुसऱ्या टोकाला प्रेमाची खोली होती. तिच्या ओट्यावर त्यांनी ती चक्की टेकवली. प्रेमा देवगडकडची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. रुंद हाडाची, मोठ्याने बोलणारी, घटकेत हसणारी आणि घटकेत रडणारी बाई. सकाळी स्टेशनाबाहेर ती आंबोळ्या घेऊन बसायची. त्यांचं पीठ ती दगडी रगड्यावर वाटायची आणि वाटता वाटता आपल्या मेलेल्या नवऱ्याला शिव्या घालत रडायची. ते चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"भावजी!" प्रेमा ओरडली. "ह्या खराच माझ्यासाठी?"

"तांदूळ भिजवलंस मा? घेवन ये."

माणसं जमली. गुणाजी सीटवर चढला. अंगात बनियन, लेंगा गुडघ्यापर्यंत वर. वर्षभर बसून पाय वाळले होते. त्याने पायडल दाबलं आणि चक्की खर्रर्र करत फिरली. प्रेमाने वरून भिजलेले तांदूळ ओतले. खालच्या पातेल्यात पांढरं, दाट पीठ पडायला लागलं.

"ओत," गुणाजी म्हणाला. "थांब. आता ओत."

प्रेमा हसत होती आणि डोळेही पुसत होती. पोरं टाळ्या वाजवत होती. शेवंती आपल्या दारातून बघत होती. कुंदा तिच्याकडे वळली, काहीतरी बोलणार होती, पण तिचा चेहरा बघून गप्प राहिली. ते गप्प राहणं शेवंतीला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

त्या संध्याकाळचं वाटप तिने इतकं बारीक वाटलं की पाट्यावर डोळ्यांत घालायलासुद्धा खडा सापडला नसता. गुणाजी बाजूला बसून हात धूत होता. तो म्हणाला, "चक्की चलली बरी."

"आयकलंय," ती म्हणाली.

पुढे रोज दुपारी चार वाजले की गुणाजी उठायचा. कुणी बोलवायला लागत नव्हतं. शेवंती चूल पेटवायची तेव्हा पलीकडून खर्रर्र सुरू व्हायचं. तिच्या दारातून ओट्याचा अर्धा भाग दिसायचा: गुणाजीचे वर-खाली होणारे गुडघे आणि प्रेमाचा भरलेला, बांगड्यांवाचूनचा हात, चक्कीच्या तोंडावर वाकलेला. चेहरे दिसत नव्हते. चेहरे दिसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं. तिने पिंपाची जागा बदलली, मग चुलीची तोंडं बदलली. तरी जिथे बसेल तिथून गुडघे आणि तो हात दिसायचाच.

गुणाजीच्या पोटऱ्या भरायला लागल्या. जेवताना तो दोन भाकऱ्या जास्त घ्यायला लागला. खाणावळीतल्या माणसांशी बोलायला लागला. कुणाच्या कारखान्यातलं कोणतं मशीन काय करतं ते विचारायचा, बोटाने ताटातल्या आमटीत आकृती काढून दाखवायचा. शेवंती वाढत असायची. त्याचं बोलणं सुरू झालं ह्याचा आनंद व्हायला हवा होता. पण भाकरी त्याच्या ताटात टाकताना तिच्या मनात यायचं, ही भूक कुठे लागली?

प्रेमा रोज पिठाने भरलेला डबा पाठवायची. शेवंती तो झाकून कोपऱ्यात ठेवायची. उत्तरा, त्यांची दहा वर्षांची मुलगी, एकदा म्हणाली, "आये, घाल ना आंबोळ्या. पीठ आंबट होऊन जातं."

"नको माका."

"मग मी प्रेमाकाकीकडे खाते. ती मला गरम देते."

"तिकडे पाय टाकलंस तर बघ!"

पोर घाबरून मागे सरली. गुणाजीने मान वर करून शेवंतीकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली.

खाणावळीतला बाळा एकदा हात धुताना सहज म्हणाला, "वहिनी, तुमचं वाटप पण टाका की त्याच्यात. फटाफट होईल."

"लोखंडाचा वास येतो," शेवंती म्हणाली.

खरं म्हणजे प्रेमाने स्वतः येऊन तेच म्हटलं होतं. "शेवंते, तुझा वाटप पण हाड गो. चक्की धुवन घेतलंय मी." शेवंतीने पाट्यावरून मान वर केली नव्हती. "माझो पाटो बरो आसा." प्रेमा तशीच निघून गेली होती.

वैशाख तापला. पत्रे इतके तापायचे की आत भाकरी करताना कपाळावरचा घाम तव्यात पडायचा. एक दिवस गुणाजीला कुणीतरी निरोप दिला की मुलुंडला एका कारखान्यात फिटर पाहिजे. तो जेवून लगेच निघाला. जाताना प्रेमाच्या ओट्यापाशी थांबून सांगून गेला, ते शेवंतीने पाहिलं. आपल्याला त्याने नुसतं "येतंय" म्हटलं होतं.

चार वाजले. चक्की सुरू झाली नाही. प्रेमा ओट्यावर टोपलं घेऊन बसली होती. तांदूळ भिजून फुगले होते, उद्या सकाळच्या आंबोळ्यांचं पीठ आज वाटून आंबायला ठेवायला हवं होतं. तिने कुंदाच्या नवऱ्याला विचारलं, तो पाळीवर निघाला होता. बाळा झोपला होता.

शेवंतीने भाकरीचं पीठ झाकलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि चाळीच्या टोकापर्यंत गेली.

"उठ. मी मारतंय पायडल."

प्रेमाने मान वर केली. "तू?"

"कित्याक? माका पाय नाय?"

ती सीटवर चढली. सीट गुणाजीच्या अंगाने दबून गेली होती, त्याच खोलगट जागेत ती बसली. आधी पाय घसरला, चक्की अर्धी फिरून थांबली. कुंदा दारातून हसली. दुसऱ्यांदा तिने अंगाचा भार टाकला आणि साखळी ओढली गेली. पाणी वाहून वाहून तिच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. खांदा लागत नव्हता, नुसते पाय. चक्की सुरेख फिरायला लागली. तिला वाटलं, एवढंच होतं? एवढं सोपं?

"भावजींपेक्षा बरा मारतंस गो," प्रेमा ओतत म्हणाली. "पण ते गाणा म्हणत मारतत. तुका येता?"

"कसला गाणा?"

"दशावतारातला काय ता. हळू आवाजात म्हणतत. तू आयकूक नाय कधी?"

शेवंतीने ऐकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, लालबागच्या खोलीत, आंघोळीच्या मोरीतून. त्यानंतर नाही. वर्षानुवर्षं नाही. तिला वाटलं होतं माणूस मोठा होतो तसं गाणं जातं.

तिने पायडल जोरात दाबलं. मग आणखी जोरात.

तांदूळ चक्कीच्या तोंडात अडकले. प्रेमा बोटांनी ते आत ढकलायला लागली. "हळू गो."

शेवंतीला प्रेमाची बोटं दिसत होती. ओली, पांढरी, जाड, चक्कीच्या तोंडात शिरलेली. ह्याच बोटांसमोर रोज तो गात होता. पाय फिरत होते. प्रेमा म्हणाली, "हळू, शेवंते! हळू गो, हात—" शेवंतीने ते ऐकलं. पाय थांबवता आले असते. तिने ते थांबवले नाहीत.

प्रेमाची किंकाळी मिठागरांपर्यंत गेली असेल. चक्की अडकून थांबली, पायडल उलटं येऊन शेवंतीच्या नडगीवर बसलं. खालच्या पातेल्यात पांढऱ्या पिठात लाल धार पडली आणि पसरत गुलाबी झाली. कुंदा धावत आली. प्रेमाच्या मधल्या बोटाचं नख उखडलं होतं आणि वरचं पेर चेपलं होतं. कुंदाने पदर फाडून गुंडाळला. शेवंती सीटवरून उतरली.

रिक्षा करून ती प्रेमाला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी टाके घातले. कसं झालं, विचारलं. प्रेमा म्हणाली, "माझीच चूक. हात पुढे गेला." ती रडत नव्हती. दर दिवशी रगड्यावर रडणारी बाई टाके घालताना दात आवळून बसली होती.

परत येताना दोघी रिक्षात बसल्या. हात मांडीवर ठेवून प्रेमा बाहेर बघत होती. फाटक बंद होतं, रिक्षा थांबली, तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली, "तू माझ्या बोटांकडेच बघी होतंस. माका दिसला."

शेवंतीने खोचलेली साडी सोडून नडगीवर ओढली.

"तुझ्या घोवाचा माका काय करूचा आसा? एक होतो तो मेलो, तेचाच माका पुरे झाला. माका चक्की होयी." तिने नाक शिंकरलं. "आता हात बरो होयसर तू थयसर उभी रवायची. पीठ तू काढतलंस, आंबोळ्यो तू घालतलंस, स्टेशनार तू नेतलंस. माझा पोट त्याच्यार आसा. कळला?"

"होय," शेवंती म्हणाली.

घरी आल्या तेव्हा गुणाजी ओट्यावर होता. मुलुंडची नोकरी मिळाली नव्हती. त्यांना तरुण माणूस हवा होता. येताच कुंदाने त्याला सगळं सांगितलं होतं. तो पाना घेऊन चक्कीचे बोल्ट सोडवत होता. बोटं पिठाने बरबटली होती, ते पीठ अजून गुलाबी होतं. त्याने प्रेमाकडे पाहिलं, तिच्या हाताच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"भावजी, काय करतात?" प्रेमा म्हणाली.

"भंगारात देतंय."

"अहो, माझीच चूक—"

"गिरणीत माझ्या लायनीत कोणाचा नख गेला नाय. एवढी वर्षा. आणि हयसर घरच्या कामात..." त्याने एक बोल्ट काढून खिशात टाकला आणि दुसऱ्याला पाना लावला. पाना त्याच्या हातातून दोनदा निसटला.

शेवंतीने ते हात पाहिले. उद्या सकाळी ते परत मांडीवर उलटे पडणार होते.

"चक्कीची चूक नाय," ती म्हणाली.

गुणाजी थांबला नाही.

"मी जोरात मारलंय. ती हळू म्हणी होती. मी आयकलंय आणि मारलंय."

पाना थांबला. कुंदा दारात होती, उत्तरा तिच्यामागे. प्रेमा आत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. गुणाजीने शेवंतीकडे बघितलं, बराच वेळ, बिघडलेलं मशीन बघावं तसं.

"कित्याक?"

नडगीवरून रक्त ओघळून पायाच्या बोटांपर्यंत आलं होतं, ते तिने दुसऱ्या पायाने पुसलं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायला बसली. माणसं जेवायची होती.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने खिशातला बोल्ट परत बसवला. डालडाच्या डब्याचा पत्रा कापून चक्कीच्या तोंडावर उंच, निमुळतं नरसाळं बसवलं, हात आत जाणारच नाही असं, आणि तांदूळ ढकलायला एक लाकडी दांडका तासून दिला. चार वाजता तो सीटवर बसला. शेवंती समोर उभी राहिली.

"ओत," तो म्हणाला.

तिने ओतलं.

"थांब."

ती थांबली.

एवढंच. घरात तो तिच्याशी बोलत नव्हता. पाणी हवं असलं तर उत्तराला सांगायचा. ओट्यावर मात्र ओत, थांब, ओत. गाणं नव्हतं. शेवंतीने पहिल्या दिवशी मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला, तोवर नरसाळं ओसंडलं आणि तांदूळ ओट्यावर सांडले. मग तिला कळलं की इथे उभं राहून माणसाकडे बघायला सवडच नसते. डोळे नरसाळ्यावर, एक हात दांडक्यावर, एक टोपल्यात. पाठ मोडून येते, पिठाचे शिंतोडे पापण्यांवर वाळतात. आणि तो तर तिच्याकडे बघतच नव्हता. तो साखळीकडे बघत होता. साखळी कुठे सैल पडते, दाता कुठे चुकतो, तेवढंच. डोकं किंचित कललेलं, कान चक्कीला. कुणाला इतकं मन लावून ऐकताना शेवंतीने त्याला कधी पाहिलं नव्हतं. प्रेमाचं ऐकतानाही नाही, तिचं स्वतःचं तर नाहीच. तिच्या मनातली आग विझली नाही. ती प्रेमावरून उठून त्या हिरव्या लोखंडावर जाऊन बसली.

पहाटे ती आंबोळ्या घालायची आणि टोपली घेऊन स्टेशनाबाहेर बसायची. प्रेमाची गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी कुठे गेल्या?" पहिल्या दिवशी तिच्या आंबोळ्या तव्याला चिकटल्या. प्रेमा डाव्या हाताने त्या उलटून बघायची आणि म्हणायची, "तवो तापूक नाय. परत घाल." शेवंती परत घालायची. तिकडून येऊन खाणावळीचं वाटप.

एका दुपारी वरवंटा तिच्या हातातून सुटला. खांदा अचानक असा खेचला गेला की तिला श्वास घेता येईना. ती भिंतीला टेकून बसली. गुणाजी उंबऱ्यात साखळीला तेल देत होता. त्याने वळून पाहिलं.

"माझ्यासाठी कित्याक नाय केलात?" शेवंती म्हणाली. कसलीही तयारी नसताना ते आलं. "चक्की. तिच्यासाठी केलात. माझ्यासाठी कित्याक नाय?"

गुणाजीने तेलाची बाटली खाली ठेवली. "तू सांगलंस कधी?"

"तिना सांगल्यान?"

"ती रडी होती. रोज. सगळी चाळ आयकी होती." त्याने बोटांचं तेल लेंग्याला पुसलं. "तू कधी रडलंस?"

शेवंतीने दुखरा खांदा हाताने धरला.

"माका वाटला, तुका जमता."

तिला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. एवढी वर्षं दात आवळून काढली त्याचं हे झालं होतं. न रडल्याचं त्याने हे बक्षीस दिलं होतं. तिने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांवर घट्ट दाबून धरला.

थोड्या वेळाने तिला वरवंट्याचा आवाज आला. गुणाजी पाट्यावर बसला होता. मांडी घालून, पुरुष बसतो तसा, त्यामुळे गुडघे मध्ये येत होते. वरवंटा तो नुसता पुढे-मागे ढकलत होता आणि खोबरं बाजूने पळत होतं. दारावरून कुंदा गेली, पुन्हा मागे आली, "अगं बाई!" म्हणाली. गुणाजीने मान वर केली नाही.

"असा नाय," शेवंती म्हणाली. तिचा आवाज अजून जड होता. "उकिडवे बसा. अंग टाका. आणि पाणी कमी."

तो उकिडवा बसला. त्या दिवशीची आमटी जाडीभरडी झाली. खोबऱ्याचा चोथा दातांत येत होता. बाळा पहिला घास घेऊन म्हणाला, "आज वाटप कोणी केलं, वहिनी?" गुणाजीने स्वतःच्या ताटातली आमटी शेवटपर्यंत ओरपली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पाट्यावर बसला. रागाने बसल्यासारखा बसायचा, पण बसायचा. मधूनच तिच्याशी एखादा शब्द बोलायला लागला: मीठ, पाणी, तो काथ्या कुठे ठेवलास.

प्रेमाचं बोट बरं होत आलं. नख पुन्हा फुटलं ते वेडंवाकडं, खडबडीत. पट्टी निघाली त्या दिवशी चार वाजता ती पदर खोचून ओट्यावर आली. गुणाजी सीटवर होता. शेवंतीने टोपलं हातात घेतलं होतं. बाजूला उत्तरा आणि कुंदा तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"सर गो बाजूक," प्रेमा म्हणाली. "सुटलंस तू. झाला माझा बोट बरा."

शेवंती सरली नाही.

"तू चटणी कर, आंबोळ्यो घाल, स्टेशनार बस. तुझा काम तू कर," ती म्हणाली. "ओतूक मी आसय."

"म्हणजे काय? चक्की माझी."

"चक्की तुझीच. पीठ पण तुझा. माका डबो पण नको."

"मगे?"

शेवंतीने टोपलं कमरेशी घट्ट धरलं. प्रेमाने तिच्याकडे पाहिलं, मग सीटवरच्या गुणाजीकडे, मग परत तिच्याकडे. तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या.

"घोवाक राखतंस काय गो?"

कुंदाच्या हातातलं सूप थांबलं. गुणाजीचे कान लाल झाले. त्याने पायडलवरचा पाय काढला, परत ठेवला. शेजारच्या दोन दारांतून माना बाहेर आल्या.

"होय," शेवंती म्हणाली. आवाज तिने मुळीच बारीक केला नाही. "राखतंय."

मग प्रेमा हसायला लागली. ओट्याला हात टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "राख बाय, राख! पण पीठ बारीक काढ हां." ती आत चटणीचं बघायला गेली. कुंदा हसली, बघ्यांतलं कुणी हसलं, उत्तराही कळल्या न कळल्यासारखी हसली.

शेवंती हसली नाही. तिने टोपलं उचलून नरसाळ्यावर धरलं.

"मारा," ती गुणाजीला म्हणाली.

त्याने पायडल मारलं.